घरांत वीज आली. घराचें कल्याण झालें काय?



ज्या दिवशीं एखाद्या वाडीवर पहिला विजेचा दिवा लागतो, तो दिवस वाडीचे लोक जन्मभर विसरत नाहींत. मुलें टाळ्या पिटतात, बाया दाराशीं येऊन उभ्या राहतात, कोणी गूळ वाटतो. त्या रात्रीं प्रत्येकास वाटतें कीं, आतां आपले दिवस पालटले.

पुढें चार-पांच वर्षें लोटतात. मग त्याच वाडीवर फिरून जावें, तर काय दिसतें? एका घरीं मुलगी दिव्याखालीं बसून गणितें सोडवीत आहे, आणि शेजारीं आईचें शिवणयंत्र चाललें आहे. दुसऱ्या घरीं मीटर भिंतीवर आहे, पण बिल थकल्यामुळें जोडणी तोडलेली आहे व कोनाड्यांत मेणबत्ती आहे. तिसऱ्या घरीं पुढच्या खोलींत मोठा टीव्ही लागला आहे, आणि मागें पडवींत घरची बाई धुरांत व काळोखांत भाकरी थापीत आहे. वीज तिन्ही घरीं एकाच खांबावरून आली. मग फळ निरनिराळें कां मिळालें?

या प्रश्नाचा विचार आजच्या धड्यांत करावयाचा आहे. विजेची स्तुति करणें सोपें आहे, व तिला नांवें ठेवणेंहि सोपें आहे. आपणांस त्या दोहोंपेक्षां अधिक उपयोगाचें काम करावयाचें आहे. वीज घराचें भलें केव्हां करिते, केव्हां करीत नाहीं, आणि त्यांत आपल्या हातीं किती आहे, हें नीट समजून घ्यावयाचें आहे.

१. "वीज आली" म्हणजे काय?

आपण सहज म्हणतों, "गांवांत वीज आली." या एका बोलण्यांत तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, तार गांवापर्यंत येणें. दुसरी, तार घरांत येणें. आणि तिसरी, हवी त्या वेळीं तारेंतून पुरेशी वीज मिळणें. या तीन पायऱ्या आहेत. एक चढल्यानें दुसरी आपोआप चढली जात नाहीं.

आपल्याच महाराष्ट्रांतील उदाहरण घ्या. खोपोली येथील टाटांचें जलविद्युत् केंद्र इ. स. १९१५ मध्यें सुरू झालें. सह्याद्रीच्या माथ्यावर तळ्यांत अडविलेलें पाणी मोठ्या नळांतून घाटाखालीं येई, त्याच्या जोरानें चक्रें फिरत, आणि निघालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस जाई. ज्या शिवारांवरून त्या तारा गेल्या, तेथील खेड्यांत मात्र त्यानंतर कित्येक वर्षें घासलेटाच्या चिमण्याच जळत होत्या. तार डोक्यावरून गेली, म्हणजे घरांत उजेड पडला असें नव्हे.

दुसऱ्या पायरीचेंहि असेंच आहे. इ. स. २००४ मध्यें ठरलेल्या सरकारी व्याख्येप्रमाणें गांवांत विजेची आवश्यक सामग्री बसली, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणीं वीज पोहोंचली आणि शेंकडा १० घरांस जोडणी मिळाली, कीं तें गांव वीज असलेलें गणलें जाई. म्हणजे शंभरांपैकीं नव्वद घरें अंधारांत असलीं तरी कागदावर गांव उजळलेलें! ता. २८ एप्रिल २०१८ रोजीं मणिपूर राज्यांतील लेइसांग या खेड्यास वीज पोहोंचली, तेव्हां देशांतील सर्व ५,९७,४६४ खेड्यांत वीज आली असें जाहीर झालें. पण घरांचें काम अद्याप पुरें व्हावयाचें होतें. त्यासाठीं सप्टेंबर २०१७ मध्यें 'सौभाग्य' नांवाची योजना निघाली होती. सरकारी हिशेबाप्रमाणें मार्च २०२२ पर्यंत त्या कामांत सुमारें २ कोटी ८६ लक्ष घरांस जोडणी मिळाली. हें काम लहान नव्हे. गोरगरिबांच्या घरीं तार गेली हें मान्य करून मगच आपण तिसऱ्या पायरीकडे वळलें पाहिजे. कारण घराच्या कल्याणाचा खरा प्रश्न तेथेंच आहे.

२. एका बेटाचें उदाहरण

मुंबईच्या बंदरांत घारापुरीचें बेट आहे. तेथील लेणीं पाहण्यास जगाच्या सर्व भागांतून लोक येतात. मुंबईचे दिवे त्या बेटावरून रोज रात्रीं दिसत. पण राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर या तेथील तीन वस्त्यांस स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षें तारेची वीज नव्हती. सायंकाळीं कांहीं तास डिझेलचें जनित्र चाले, आणि तें बंद झालें कीं बेट अंधारांत बुडे. शेवटीं समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकण्यांत आली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें बेटावर वीज आली. या कामास सुमारें २५ कोटी रुपये लागले.

आतां असा विचार करा. जनित्र चाले त्या वेळींहि बेटावर दिवे लागतच होते. मग केबलीनें नवें काय दिलें? उत्तर एका शब्दांत आहे: तास. रोज तीन तास मिळणाऱ्या विजेवर दिवा लागतो, पण मासळी थंड राहत नाहीं. तिच्यावर पिठाची गिरणी भरंवशानें चालत नाहीं, दवाखान्यांतील लस शीतपेटींत टिकत नाहीं, आणि दुपारच्या उन्हांत तापानें फणफणलेल्या लेंकराच्या डोक्यावर पंखा फिरत नाहीं. थोड्या तासांची वीज रात्रीपुरता दिवा देते. दिवसभराची वीज कामास हात देते. हा भेद ध्यानांत धरा. पुढील सर्व धडा त्यावर उभा आहे.

३. दिव्यानें निश्चित काय मिळतें?

प्रथम जो लाभ निर्विवाद आहे तो पाहूं. घासलेटाच्या साध्या चिमणीचा उजेड फार तोकडा असतो. तो मोजण्याचें ल्यूमेन नांवाचें माप आहे. त्या मापानें चिमणी सुमारें १० भरते, आणि ९ वॅटचा एलईडी दिवा ८०० च्याहि वर जातो. चिमणीपाशीं एकच मूल पुस्तक धरूं शकतें, तेंहि डोळे ताणून. शिवाय काजळी नाकांत जाते, चिमणी कलंडून अंगावर वा गवतांत आग लागते, आणि पिण्याचें पाणी समजून घासलेट प्यालेलीं लेंकरेंहि पुष्कळांच्या आठवणींत असतील. हें सर्व विजेच्या दिव्यानें टळतें. हा लाभ पैशांत मोजतां येत नाहीं, म्हणून तो लहान समजूं नये.

परंतु दिव्यापासून याहून अधिक कांहीं आपोआप होतें काय? उत्तर प्रदेशांतील बाराबंकी जिल्ह्यांत कांहीं संशोधकांनीं १,२८१ घरांची पाहणी केली. कांहीं वस्त्यांस सूर्यशक्तीवर चालणारी लहानशी वीज देऊं केली, कांहींस केली नाहीं. कोणत्या वस्तीस द्यावयाची हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविलें. इ. स. २०१७ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या वस्त्यांस वीज देऊं केली तेथें चोरट्या बाजारांतून घासलेट घेण्याचा खर्च महिन्यास घरटीं ४७ ते ४९ रुपयांनीं उतरला. पण बचत, नवा धंदा, कामाचे तास किंवा मुलांच्या अभ्यासाचा वेळ यांत ठळक असा फरक त्यांस आढळला नाहीं. ती वीज दोन दिवे व एक फोन चालविण्यापुरती होती. दिवा मिळाला, पण घराचा व्यवहार होता तसाच राहिला.

यावरून निराश होऊं नये. दिव्यानें दिव्याचें काम केलें. त्याच्याकडून नांगराचें व गिरणीचें काम मागणें ही आपली चूक.

४. विद्वानांत मतभेद कां?

कांहीं वाचक विचारतील, "आम्हीं तर ऐकलें कीं विजेनें उत्पन्न वाढतें, मुलें अधिक शिकतात. मग खरें काय?" दोन्ही म्हणणीं ऐकून घेऊं.

शाहिदुर खांडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २००५ च्या सुमारास भारतांत झालेल्या एका मोठ्या पाहणीवरून असें दाखविलें कीं, वीज असलेल्या ग्रामीण घरांत सरपण गोळा करण्याचा वेळ कमी होतो, मुलगे व मुली दोघेंहि अधिक वेळ अभ्यास करितात, आणि घराचें उत्पन्न वाढतें. पण त्यांनींच पुढें बजाविलें कीं, या लाभाचा मोठा वाटा खेड्यांतील सुस्थित घरांस मिळतो. गरीब घर थोडी वीज वापरतें व थोडा लाभ घेतें.

येथें एक अडचण उत्पन्न होते. ज्याच्या घरीं आधींपासून चार पैसे आहेत, तोच प्रथम वीज घेतो. मग त्याची भरभराट विजेमुळें झाली, कीं भरभराटीमुळें वीज आली? हें ओळखण्यास फियोना बर्लिग व लुईस प्रीओनास या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं एक युक्ति योजिली. इ. स. २००५ मध्यें केंद्र सरकारनें राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यांत निदान तीनशें माणसांची वस्ती असेल तेथेंच काम करावें असा नियम होता. आतां २९० माणसांचें खेडें व ३१० माणसांचें खेडें यांत दुसरा भेद तो काय? या सीमेच्या अलीकडील व पलीकडील खेड्यांची तुलना त्यांनीं केली. रात्रीं आकाशांतून घेतलेल्या चित्रांत वीज मिळालेलीं खेडीं खरोखर अधिक उजळ दिसलीं. पण अशा लहान खेड्यांत लोकांच्या उत्पन्नांत, घरांत व शिक्षणांत फारसा पालट आढळला नाहीं. सुमारें दोन हजार वस्तीच्या मोठ्या गांवांत मात्र लाभ पुष्कळ अधिक असल्याचें त्यांस दिसलें.

कारण शोधणें कठीण नाहीं. मोठ्या गांवीं बाजार भरतो, रस्ता असतो, गिऱ्हाईक असतें. तेथें वीज आली कीं लोहार वेल्डिंग करितो, कोणी पिठाची गिरणी घालतो, कोणी दूध थंड ठेवितो. तीनशें माणसांच्या वाडीवर वीज आली, पण रस्ता नाहीं, भांडवल नाहीं, गिऱ्हाईक नाहीं. तर ती वीज एकटी काय करणार? बैलाच्या जोडीस एकच बैल असला तर औत चालत नाहीं.

तासांचें व भरंवशाचें महत्त्वहि आंकड्यांनीं सिद्ध झालें आहे. उज्जयंत चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ ते २००५ या काळांतील भारतीय ग्रामीण घरांचा अभ्यास केला. नुसती जोडणी मिळालेल्या घरांचें शेतीबाहेरचें उत्पन्न त्या काळांत सुमारें शेंकडा ९ वाढलें. पण जोडणीबरोबर वीज अधिक तास व न तुटतां मिळाली, तेथें ही वाढ सुमारें शेंकडा २८.६ झाली. म्हणजे तार तीच असून भरंवशाच्या विजेचें फळ तिपटीहून अधिक!

महाराष्ट्रांतील खेड्यांस हें सांगावयास नको. इ. स. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें भारनियमनाचीं गेलीं. ऐन सायंकाळीं, मुलांच्या अभ्यासाच्या व बायांच्या स्वयंपाकाच्या वेळीं वीज जाई, आणि सारें गांव निजल्यावर परत येई. अशी वीज वहींत मोजली जाते, पण घराच्या कामास येत नाहीं. शेजारच्या गुजरातेंत इ. स. २००३ मध्यें ज्योतिग्राम योजना सुरू झाली. तींत शेतीच्या पंपांची तार निराळी व गांवाची तार निराळी केली. पंपांस ठराविक तास व गांवास दिवसरात्र वीज देण्याची व्यवस्था झाली. महाराष्ट्रांतहि गावठाणाचे फीडर निराळे करण्याचें काम याच हेतूनें झालें आहे.

५. दिवा घरांत कोठें लागला?

आतां आपण घराच्या आंत जाऊं. कारण येथून पुढची गोष्ट सरकारच्या हातीं नसून घरच्यांच्या हातीं आहे.

दक्षिण आफ्रिकेंत क्वाझुलु-नाताल नांवाचा प्रांत आहे. वर्णद्वेषी राजवट संपत असतां व संपल्यानंतर तेथील खेड्यांत मोठ्या प्रमाणावर वीज देण्यांत आली. टॅरिन डिंकलमन या विदुषीनें इ. स. २०११ मध्यें त्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. वीज आल्यावर पांच वर्षांच्या आंत तेथील कामधंदा करणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण सुमारें शेंकड्यामागें ९ नें वाढलें. कां? तेथील पुष्कळ घरांनीं वीज दिव्यापुरती ठेविली नाहीं. तिच्यावर स्वयंपाकहि केला. लांकडें वेंचण्यांत व चूल फुंकण्यांत जाणारे तास मोकळे झाले, आणि त्या तासांत स्त्रिया मिळवूं लागल्या.

हें उदाहरण आपल्या घरांशीं ताडून पाहा. पूर्वीं आपल्या आया-आज्या पहांटे उठून जात्यावर बसत. गांवांत विजेची गिरणी आली, आणि त्या दोन तासांचे कष्ट संपले. खेड्यांतील स्त्रीस विजेनें दिलेली सर्वांत मोठी देणगी कदाचित् दिवा नसून ती गिरणीच असेल. तसेंच विहिरीवर पंप बसून पाणी नळानें दाराशीं आलें, तर डोक्यावरचे हंडे उतरतात, आणि थोरली मुलगी शाळेंत वेळेवर पोहोंचते.

याउलट, बहुतेक घरीं पहिला दिवा कोठें लागतो? पुढच्या खोलींत, जेथें पाहुणे बसतात. दुसरा अंगणांत. चुलीपाशीं दिवा लागावयास कित्येक वर्षें जातात, आणि कोठें तो लागतच नाहीं. जी बाई पहांटे व रात्रीं, म्हणजे दिव्याची खरी गरज असते त्या वेळीं काम करिते, तिच्याच वांट्यास उजेड शेवटीं येतो. विळीवर बोट कापतें, तांदुळांतला खडा दिसत नाहीं, विंचू दिसत नाहीं. माझी वाचकांस विनंति आहे कीं, आज रात्रीं आपल्या घरांतील दिवे मोजावे आणि पहिला प्रश्न हाच करावा: चुलीपाशीं दिवा आहे काय?

येथें एक गैरसमजहि दूर केला पाहिजे. विजेचा दिवा लागला म्हणजे घरांतील धूर गेला, असें नाहीं. चिमणीची काजळी जाते, पण चुलीचा धूर राहतो, आणि तोच मोठा वैरी आहे. घरांत लांकूड, गोंवऱ्या, कोळसा व घासलेट जाळल्यानें होणाऱ्या धुरापायीं इ. स. २०२० मध्यें जगांत सुमारें ३२ लक्ष मृत्यु झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पांच वर्षांखालील बालकें दोन लक्षांहून अधिक आहेत. म्हणून दिव्याबरोबर गॅस, विजेची शेगडी, निदान धुराडें असलेली चूल, यांचाहि विचार झाला पाहिजे. उजळलेल्या घरांत आई खोकत राहिली, तर त्या उजेडाचा काय उपयोग?

६. विजेचा हिशेब

गरिबाच्या घरीं वीज टिकावयाची तर हिशेब समजला पाहिजे. हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें, कीं एक युनिट होतें. एवढें सूत्र पाठ करावें. रोजचा वापर तीस दिवसांवर पुढीलप्रमाणें पडतो:

९ वॅटचा एलईडी दिवा, रोज ५ तास: महिन्यास १.३५ युनिट.
जुना ६० वॅटचा तारेचा दिवा, तितकाच वेळ: ९ युनिट.
७५ वॅटचा पंखा, रोज १० तास: २२.५ युनिट.
२,००० वॅटची कॉईलची शेगडी, रोज १ तास: ६० युनिट.

यावरून तीन बोध निघतात. पहिला, दिव्यासाठीं काटकसर करून मुलांस अंधारांत बसविणें हा शहाणपणा नव्हे. तीन एलईडी दिवे महिन्याला चार युनिटांच्या आसपासच खातात. दुसरा, जुना तारेचा दिवा स्वस्त मिळाला तरी महाग पडतो. तिसरा, बिल फुगतें तें उष्णता देणाऱ्या उपकरणांनीं. शेगडी, इस्त्री व पाणी तापविण्याचा हीटर यांवर नजर ठेवावी. आपल्या राज्यांत घरगुती विजेचा दर पायऱ्यांचा आहे: पहिल्या शंभर युनिटांस कमी, त्यापुढें चढा. शिवाय वीज वापरली नाहीं तरी स्थिर आकार भरावाच लागतो. म्हणून दर महिन्यास एकाच तारखेला मीटरवरील आंकडा भिंतीवर किंवा वहींत लिहून ठेवावा, आणि बिलाशीं ताडून पाहावा. हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलीकडे द्यावें. तिचें गणितहि सुधारेल.

बिल थकूं देऊं नये. दोनशें रुपये भरणें जड वाटतें, म्हणून सोडून दिलें, कीं वर्षानें तेंच व्याजासह हजारांत जातें, आणि मग तें भरण्याची उमेदच राहत नाहीं. बहुतेक गरीब घरें याच मार्गानें पुन्हां अंधारांत जातात. बिल चुकीचें वाटल्यास गप्प बसूं नये; लेखी तक्रार द्यावी व पोंच घ्यावी. थकबाकीसाठीं जोडणी तोडावयाची असेल तर इ. स. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें निदान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, हेंहि ठाऊक असावें. गांवच्या पाणीपंपाचें बिल थकलें तर शिक्षा साऱ्या गांवास होते. हंडे पुन्हां बायांच्या डोक्यावर चढतात. तेव्हां ग्रामसभेंत त्या बिलाची चौकशी करणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे.

आकडा टाकून वीज घेणें हा अपराध आहे, व त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण कायद्याचें भय बाजूस ठेविलें तरी विचार करा: आकड्यांनीं डीपीवर भार वाढतो, डीपी जळते, आणि जो प्रामाणिकपणें बिल भरतो त्याचेंहि घर आठ-आठ दिवस अंधारांत राहतें. ती चोरी दूरच्या कंपनीची वाटते. पण खरी चोरी शेजाऱ्याच्या मुलाच्या अभ्यासाची होते.

७. जिवाचा सांभाळ

वीज चांगली चाकर आहे, पण ती अपराधाची क्षमा करीत नाहीं. पुढील नियम घरांतील सर्वांस, विशेषतः लेंकरांस, पाठ करवावे.

घराची वायरिंग करितांना अर्थिंग चुकवूं नये. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र मिळतें, त्यास वायरमन ईएलसीबी म्हणतात. तें बसवून घ्यावें. कपडे वाळत घालण्यास लोखंडी तार बांधूं नये, सुताची किंवा नायलॉनची दोरी वापरावी. ओल्या तारेंत वीज उतरून एकामागून एक माणसें गेल्याच्या वार्ता दर पावसाळ्यांत येतात. ओल्या हातानें बटण दाबूं नये. डीपीचा फ्यूज गेला तर स्वतः काठी घेऊन जाऊं नये, वायरमनास बोलवावें. तुटून पडलेल्या तारेजवळ कोणास जाऊं देऊं नये. कोणास विजेनें धरलें तर त्यास हातानें ओढूं नये. प्रथम बटण बंद करावें, तें न साधल्यास कोरड्या लांकडानें तार दूर सारावी, आणि त्या मनुष्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

८. सारांश

तर मग आरंभीं पाहिलेल्या तीन घरांत भेद कां पडला, याचें उत्तर आतां आपणांस देतां येईल. वीज ही स्वतः कल्याण नव्हे. ती कल्याणाचें साधन आहे. तार आणणें हें सरकारचें काम. ती बहुतेक आली आहे. भरंवशाची व पुरेशी वीज मागणें हें गांवाचें काम. तें एकट्यानें होत नाहीं, चारचौघांनीं मिळून लेखी मागितलें तरच होतें. आणि आलेल्या विजेनें घरांत कोणाचे कष्ट प्रथम कमी करावयाचे, हें ठरविणें घरच्यांचें काम. ज्या घरानें तिचा उपयोग सर्वांत अधिक राबणाऱ्याचे कष्ट उतरविण्याकडे केला, त्या घरीं फळ दिसलें. ज्यानें ती केवळ शोभेस व करमणुकीस लाविली, त्याच्या घरीं बिल आलें, पण फळ थोडें आलें.

सायंकाळच्या वर्गांत हा धडा वाचून दाखविणाऱ्या शिक्षक व उपदेशक बंधुभगिनींनीं खालील प्रश्न विचारावे, आणि उत्तरें देण्यास बायांस प्रथम बोलूं द्यावें. कारण घरच्या उजेडाची व अंधाराची खरी माहिती त्यांसच आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वीज "येण्याच्या" तीन पायऱ्या कोणत्या? आपली वाडी आज कोणत्या पायरीवर आहे?
२. थोड्या तासांची वीज व दिवसभराची वीज यांत कोणता भेद आहे? घारापुरीच्या उदाहरणानें सांगा.
३. लहान खेड्यांत विजेचा लाभ कमी कां दिसला? आपल्या गांवीं विजेच्या जोडीस आणखी काय पाहिजे?
४. आपल्या घरांत दिवे किती व कोठें आहेत? चुलीपाशीं दिवा नसेल तर तो केव्हां लावणार?
५. ९ वॅटचे चार दिवे रोज ६ तास जाळले, तर तीस दिवसांत किती युनिट होतील?
६. कपडे वाळत घालण्याची तार आपल्या अंगणांत कशाची आहे? लोखंडी असेल तर ती आजच काढा, आणि पुढच्या वर्गांत येऊन सांगा.